फुलराणी ते लाइन : बोलणाऱ्या प्रोग्रॅमची साठ वर्षं

आपल्या मंडळाच्या ‘लाइन’ खात्यावर ‘वर्गणी’ असा एक शब्द पाठवला की दोन सेकंदांत रक्कम, बँक खातं आणि शेवटची तारीख हजर होते, याची आता बहुतेकांना सवय झाली आहे. गणपतीच्या आठवड्यात आरती किती वाजता, हॉल कुठल्या स्टेशनपासून जवळ, मुलांच्या नाटुकल्याची तालीम कुठे, असे प्रश्न दिवसभर येत असतात आणि उत्तरंही जात असतात. कार्यकारिणीतलं कुणी त्यासाठी फोन हातात धरून बसलेलं नाही. भाड्यानं घेतलेल्या एका सर्व्हरवर काहीशे ओळींचा प्रोग्रॅम चालतो, आणि लाइन कंपनीनं सर्वांसाठी फुकट ठेवलेली एक लायब्ररी त्यातली निम्मी कामं उरकते. नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या एका काकांनी मला विचारलं, ‘‘हे ते नवीन एआय का हो?’’ मी म्हटलं, ‘‘नाही काका, ही कल्पना तुमच्या शाळेच्या दिवसांतली आहे.’’ त्यांना काही ते पटलं नाही. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर लिहितो आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, बोस्टनशेजारच्या एमआयटीत. जोसेफ वायझेनबाउम हे तिथले प्राध्यापक. जन्म १९२३ चा, बर्लिनचा, ज्यू कुटुंबातला. हिटलरची राजवट आल्यावर १९३६ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला आलं. १९६४ ते १९६६ या काळात वायझेनबाउम यांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि जानेवारी १९६६ मध्ये त्यावरचा लेख छापला. प्रोग्रॅमचं नाव ‘एलायझा’. हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं. म्हणजे आपली मंजुळाच! पु. ल. देशपांडे यांनी त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिलं आणि भक्ती बर्वे यांनी ते कसं गाजवलं, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. शॉच्या एलायझाला जसं शिकवावं तसं ती बोलते. वायझेनबाउम यांच्या प्रोग्रॅमलाही नवे नियम शिकवले की तो आणखी बरा बोलायचा. नावामागचं कारण एवढंच.

आत काय होतं? आलेल्या वाक्यात प्रोग्रॅम ठरावीक शब्द शोधायचा. प्रत्येक शब्दाला एक वजन दिलेलं, सर्वांत वजनदार शब्द जिंकायचा. मग त्या शब्दाच्या नियमाप्रमाणे वाक्याचे तुकडे करायचे, ‘माझं’चं ‘तुमचं’ करायचं आणि तुकडे नव्यानं जोडून प्रश्न परत टाकायचा. मराठीत करून पाहू. तुम्ही लिहिलंत, ‘साहेब माझ्यावर सारखे चिडतात.’ उत्तर येईल, ‘साहेब तुमच्यावर सारखे चिडतात असं तुम्हाला केव्हापासून वाटतं?’ साहेब म्हणजे कोण, चिडणं म्हणजे काय, याचा प्रोग्रॅमला पत्ता नाही. काहीच ओळखीचं सापडलं नाही तर ‘अस्सं, पुढे सांगा’ छापाचं उत्तर ठरलेलं. त्यातही एक हुशारी होती. तुमच्या बोलण्यातला एखादा ‘माझं’वाला तुकडा तो बाजूला जपून ठेवायचा आणि पुढे कधी अडला की तोच काढून विचारायचा. समोरच्याला वाटायचं, अरे, याच्या लक्षात आहे की!

प्रोग्रॅमचं इंजिन आणि त्याला द्यायची संहिता या दोन गोष्टी वायझेनबाउम यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. सर्वांत प्रसिद्ध झालेली संहिता म्हणजे ‘डॉक्टर’, मानसोपचारतज्ज्ञाची. ही भूमिका निवडण्यामागे व्यवहारी विचार होता. असा डॉक्टर तुमचंच वाक्य तुम्हाला परत विचारतो आणि त्यानं जगाबद्दल काहीच माहिती दाखवली नाही तरी कुणाला खटकत नाही. रेल्वेच्या चौकशी खिडकीवरच्या माणसाला ते जमणार नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यातली आणखी एक गोष्ट फार जवळची वाटते. वायझेनबाउम यांनी एलायझाच्या आधी, १९६३ मध्ये, ‘स्लिप’ नावाची एक लायब्ररी प्रसिद्ध केली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कामांचा तयार कोड. घरात भाजणी तयार असली की थालीपीठ दहा मिनिटांत होतं, धान्यं भाजण्यापासून सुरुवात करावी लागत नाही, तसंच हे. ‘स्लिप’ याद्या जोडण्या-तोडण्याचं काम करायची. आधी ती फोरट्रान भाषेसाठी होती, मग ‘मॅड’ नावाच्या भाषेला जोडली गेली आणि त्या जोडीत एलायझा लिहिली गेली. म्हणजे गप्पा मारणारा पहिला प्रोग्रॅमसुद्धा लायब्ररीच्या खांद्यावरच उभा होता. तो चालायचा आयबीएम ७०९४ या अवाढव्य यंत्रावर. अनेक जण टंकलेखन यंत्रासारखी टर्मिनलं लावून एकाच वेळी ते यंत्र वापरू शकत, हीच तेव्हाची नवलाई होती.

पुढे जे झालं त्याची वायझेनबाउम यांना कल्पना नव्हती. त्यांनीच नंतर लिहिलं आहे की त्यांच्या सेक्रेटरीनं, जिनं हा प्रोग्रॅम घडताना महिनोन्‌महिने पाहिला होता, एलायझाशी थोडं बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आपलं खासगी बोलणं चाललं आहे, ही तिची भावना. त्याच सुमारास काही मानसोपचारतज्ज्ञ म्हणू लागले की असे प्रोग्रॅम रुग्णांवरच्या उपचारांत वापरता येतील. स्टॅनफर्डचे केनेथ कोल्बी त्यांतले प्रमुख. वायझेनबाउम हादरले. १९७६ मध्ये त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं की संगणकाला एखादी गोष्ट करता येते की नाही हा एक प्रश्न, आणि ती त्याला करू द्यावी का हा दुसरा. आयुष्याच्या शेवटी ते बर्लिनला परतले आणि २००८ मध्ये वारले. आपल्या क्षेत्रातला पहिला मोठा टीकाकार त्या क्षेत्राच्या पहिल्या यशस्वी कारागिरांपैकीच एक होता, हे मला नेहमी विशेष वाटतं.

कोल्बी मात्र थांबले नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी ‘पॅरी’ केला. हा डॉक्टर नव्हे, रुग्ण, संशयानं पछाडलेला. सगळे आपल्या वाईटावर आहेत असं मानणारा. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला स्टॅनफर्डचा पॅरी आणि बोस्टनकडच्या बीबीएन कंपनीच्या संगणकावरचा ‘डॉक्टर’ यांची आर्पानेटवरून, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या आजोबांवरून, भेट घडवण्यात आली. त्या संवादाची प्रत विन्ट सर्फ यांनी जानेवारी १९७३ मध्ये नेटवर्कच्या अधिकृत टिपणांच्या मालिकेत ४३९ व्या क्रमांकानं नोंदवून ठेवली, ती आजही वाचता येते. दोन यंत्रं एकमेकांना प्रश्न टाकताहेत आणि ऐकत कुणीच नाही. आपल्या काही सर्वसाधारण सभांची आठवण येते, पण ते असो.

मूळ एलायझाचा कोड बरीच वर्षं कुणाच्या हाती नव्हता. लोकांनी इतर भाषांत केलेल्या नकलाच फिरत होत्या. २०२१ मध्ये एमआयटीच्या दप्तरात वायझेनबाउम यांच्या कागदांत छापील कोड सापडला, आणि काही हौशी अभ्यासकांनी जुन्या यंत्राची नक्कल करून तो डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा चालवून दाखवला.

आता मधली वर्षं भराभर ओलांडू. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही सामूहिक गप्पांची सोय सुरू केली. तिथे ‘बॉट’ हा शब्द रुळला. हे बॉट गोड बोलणारे नव्हते, ते रखवालदार होते. खोली कुणी बळकावू नये, धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर काढावं, एवढंच त्यांचं काम. १९९३ चा ‘एगड्रॉप’ हा त्यांतला सर्वांत टिकाऊ. तो सी भाषेत लिहिलेला होता आणि वापरणारे टीसीएल भाषेत आपापले नियम जोडत. वायझेनबाउम यांची इंजिन आणि संहितेची वाटणी इथेही दिसते.

मी २००२ मध्ये एमएससाठी अमेरिकेला गेलो तेव्हा वसतिगृहात प्रत्येकाच्या पडद्यावर ‘एआयएम’ची, म्हणजे एओएलच्या मेसेंजरची खिडकी उघडी असायची. त्या यादीत मित्रांबरोबर एक नाव सगळ्यांकडे असे, ‘स्मार्टरचाइल्ड’. अ‍ॅक्टिव्हबडी नावाच्या कंपनीनं तो २००१ मध्ये आणला होता. हवामान, सिनेमाच्या वेळा, शेअरचे भाव विचारा, उत्तर लगेच. शिवी दिली तर माफी मागायला लावायचा. रात्री तीनला असाइनमेंट अडली की लोक त्याच्याशीच भांडत बसत. हा व्यवसाय म्हणून उभा राहिलेला पहिला गाजलेला बॉट. कंपनीनं बॉट लिहिण्यासाठी ‘बडीस्क्रिप्ट’ नावाची भाषाही काढली होती. पुढे कंपनीचं नाव बदललं, २००६ मध्ये ती मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली आणि यथावकाश स्मार्टरचाइल्ड गप्प झाला. एआयएम स्वतः १५ डिसेंबर २०१७ ला बंद झालं, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, आयसीक्यू जून २०२४ मध्ये. त्या काळी आम्ही ज्यावर रात्री जागवल्या त्यांतलं आज काहीही उरलेलं नाही.

बॉट लिहिणाऱ्यांची तेव्हाची खरी अडचण वेगळी होती. दार कुणी उघडत नव्हतं. एओएलचा मुख्य प्रोटोकॉल बंद होता. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपला मेसेंजर एआयएमला जोडला तेव्हा एओएलनं तो रोखला, मायक्रोसॉफ्टनं पुन्हा वाट काढली, एओएलनं पुन्हा रोखलं, असा खेळ उन्हाळाभर चालला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर वसतिगृहातल्या पोरांचं काय? हौशी लोकांनी पर्लमध्ये लायब्रऱ्या लिहिल्या होत्या खऱ्या, पण कंपनीनं आतलं काही बदललं की एका सकाळी सगळं ठप्प.

जपानमध्ये या प्रकाराला एक फार सुंदर नाव आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला जपानी शब्द ‘जिन्को चिनो’. त्यावर कोटी करून गप्पिष्ट प्रोग्रॅमला लोक ‘जिन्को मुनो’ म्हणू लागले, म्हणजे कृत्रिम बिनडोकपणा! इतकं प्रामाणिक नाव इतर कुठल्या भाषेत माझ्या ऐकण्यात नाही.

आता लाइनकडे वळू. ११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. तोहोकूच्या किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप. आपल्यातले जे जुने टोकियोकर आहेत त्यांना ती संध्याकाळ वेगळी सांगायला नको. लोकल बंद, रस्त्यांवर घराकडे चालत निघालेल्यांच्या रांगा, आणि फोन लागत नाहीत. आवाजाचे फोन अडकले होते, इंटरनेट मात्र बऱ्याच ठिकाणी चालू होतं. एनएचएन जपान कंपनीत त्यानंतरच्या आठवड्यांत जवळच्या माणसांशी संपर्क ठेवण्याचं एक अ‍ॅप घाईनं तयार झालं आणि २३ जून २०११ ला लाइन बाजारात आली. संदेशाखाली ‘वाचलं’ अशी जी खूण उमटते, तिचा संबंधही कंपनी त्या आपत्तीशी जोडते. माणूस उत्तर देण्याच्या स्थितीत नसला तरी त्यानं वाचलं, म्हणजे तो आहे, हे पलीकडे कळावं. आज तीच खूण सासू-सुनांच्या आणि साहेब-कारकुनांच्या भांडणाचं मूळ झाली आहे, हा भाग निराळा. जपानात आता साडेनऊ कोटींहून जास्त लोक लाइन वापरतात.

लाइनवरचा पहिला गाजलेला बॉट ‘रिन्ना’, ऑगस्ट २०१५ चा, मायक्रोसॉफ्ट जपाननं केलेला. शाळकरी मुलीचं सोंग. तिच्याकडून कामाचं काही मिळत नव्हतं, नुसत्या गप्पा. तरी लोक तिच्याशी तासन्‌तास बोलत. मार्च २०१९ मध्ये तिचा शाळेतून निरोपसमारंभ झाला! दुसरीकडे यामातो या कुरिअर कंपनीनं २०१६ मध्ये पार्सलची वेळ लाइनवर बदलून देण्याची सोय केली. कंपनीचं चिन्ह काळी मांजर. तुम्ही वाक्याच्या शेवटी ‘म्यांव’च्या जपानी अवताराची शेपटी लावलीत की बॉटही मांजराच्या बोलीत उत्तर देत असे. रिन्ना आणि मांजर यांतलं मला मांजर पसंत आहे. निदान पार्सल तरी वेळेवर येतं.

खरी कलाटणी मिळाली २०१६ च्या वसंतात. टेलिग्रामनं जून २०१५ मध्येच बॉटसाठी दार उघडलं होतं. ७ एप्रिल २०१६ ला लाइननं बॉट एपीआयची चाचणी सुरू केली, पाच दिवसांनी फेसबुकनं मेसेंजरसाठी तेच केलं. सप्टेंबरमध्ये लाइनची पक्की मेसेजिंग एपीआय आली, आणि तिच्याबरोबर जावा, पीएचपी, रूबी, गो, पायथन अशा भाषांसाठी कंपनीच्याच लायब्रऱ्या, कोड सर्वांना खुला. पंधरा वर्षांपूर्वी ज्या दाराशी आम्ही लपूनछपून किल्ल्या लावत होतो ते मालकानं स्वतः उघडलं, वर पाटही मांडून दिला.

हे दार कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण तांत्रिक इतिहासातला महत्त्वाचा बदल इथे आहे. आयआरसीचा बॉट सतत जोडलेला असायचा, रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या माणसासारखा. फोन कटला की संपलं. नव्या पद्धतीला ‘वेबहुक’ म्हणतात. हा शब्द जेफ लिंड्से यांनी २००७ च्या सुमारास रूढ केला. यात आपण कंपनीला आपला पत्ता देऊन ठेवतो. तुम्ही संदेश पाठवला की लाइनचा सर्व्हर आपल्या पत्त्यावर टपाल टाकतो. आपला प्रोग्रॅम तोवर झोपलेला असला तरी चालतं. टपालात काय लिहिलं, कुणी लिहिलं आणि उत्तरासाठीचं एक कूपन असतं. कूपन एकदाच वापरता येतं आणि लवकर वापरावं लागतं.

पण आपला पत्ता इंटरनेटवर उघडा आहे. लाइनच्या नावानं दुसऱ्याच कुणी टपाल टाकलं तर? म्हणून प्रत्येक टपालाबरोबर शिक्का येतो. लाइन आणि आपण, दोघांनाच ठाऊक असलेला एक गुप्त शब्द घेऊन, त्यानं मजकूर एका गणिती चरकातून पिळून तो शिक्का तयार करतात. आपणही तोच मजकूर तसाच पिळायचा आणि दोन्ही जुळले तरच पाकीट उघडायचं. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी शिक्का जुळत नाही. हे काम हातानं लिहायला गेलं तर बारीकसारीक चुका होतात, आणि चूक झाली तरी सगळं वरवर चालत राहतं. लायब्ररी इथे उपयोगी पडते. शिक्का तपासणं, पाकीट फोडणं, संदेश अक्षरांचा आहे की चित्राचा की स्टिकरचा हे वेगळं करणं, उत्तर योग्य आकारात परत टाकणं, हे सगळं ती करते. आपल्याकडे उरतं ते एकच काम, कशाला काय उत्तर द्यायचं ते ठरवणं. म्हणजे पुन्हा एलायझाची संहिता!

आणि इथे मराठी आपली परीक्षा घेते. इंग्रजीत शब्द फारसे बदलत नाहीत, म्हणून वायझेनबाउम यांचं शब्द शोधणं सोपं होतं. आपल्याकडे ‘पत्ता’चा ‘पत्त्यावर’ होतो, ‘जागा’ची ‘जागेत’, ‘पैसे’चं ‘पैशांचं’. नुसता मूळ शब्द शोधला तर निम्मे प्रश्न निसटतात. शाळेत सामान्यरूप घोकताना वैताग यायचा, पण आमच्या प्रोग्रॅममधली सर्वांत लांब यादी आज त्याचीच आहे. शिवाय अर्धे लोक रोमन लिपीत लिहितात, आणि ‘वर्गणी’ रोमनमध्ये किती प्रकारे लिहिता येते हे मी मोजायचं सोडलं. आणखी एक गंमत. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. जुळवणीपूर्वी सगळं एका रूपात आणावं लागतं. जपानी लोकांची अडचण आणखी मोठी, त्यांच्या लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते. त्यासाठी ताकू कुदो यांनी लिहिलेला ‘मेकाब’ हा शब्द तोडणारा प्रोग्रॅम कित्येक वर्षं तिथल्या बॉटवाल्यांचा आधार आहे. मराठीसाठी इतका सर्रास वापरला जाणारा आधार अजून नाही, आणि हे काम आपल्यापैकीच कुणीतरी करायला हवं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या बॉटांनी मोठी कामंही केली. तैवानमध्ये ‘कोफॅक्ट्स’ हा स्वयंसेवकांचा बॉट लाइनवर चालतो. आलेली अफवा त्याला पाठवली की लोकांनी पडताळलेलं उत्तर मिळतं. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या हॅप्टिक कंपनीनं भारत सरकारसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर कोरोनाची मदतखिडकी उभारली. त्याच महिन्याच्या अखेरीस जपानच्या आरोग्य मंत्रालयानं लाइनवरून देशभर प्रकृतीची विचारपूस केली, त्यात सुमारे अडीच कोटी लोकांनी उत्तरं दिली. मुंबई महापालिकेचा व्हॉट्सअ‍ॅप बॉट जानेवारी २०२२ मध्ये आला.

पण जागा भाड्याचीच. मार्च २०२१ मध्ये ‘असाही शिंबुन’नं बातमी दिली की लाइनच्या चीनमधल्या सहयोगी कंपनीतल्या तंत्रज्ञांना जपानी ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोहोचता येत होतं. काही सरकारी कार्यालयांनी लाइनचा वापर काही काळ थांबवला. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी हिरोकू या कंपनीनं फुकट सर्व्हर बंद केले, आणि जगभरच्या असंख्य हौशी बॉटांचं छप्पर गेलं. जून २०२३ मध्ये लाइननं फुकट खात्याचे संदेश महिना हजारावरून दोनशेवर आणले. इथे हिशेब नीट समजून घ्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या दोनशेत धरत नाहीत. पण आपण होऊन दीडशे कुटुंबांना ‘उद्या आरती सातला’ असं कळवलं तर तो एक संदेश दीडशे मोजला जातो. म्हणून आपला बॉट विचारल्याशिवाय बोलत नाही. कार्यकारिणीला तो भिडस्त वाटतो, खरं कारण हे आहे. ३१ मार्च २०२५ ला ‘लाइन नोटिफाय’ ही साधी सूचनासेवाही बंद झाली. घरातलं तापमान, रिकामी पार्किंगची जागा, असं काहीबाही तिच्यावरून कळवणाऱ्या कितीतरी घरगुती युक्त्या त्या दिवशी मुक्या झाल्या.

शेवटी आपल्या घरचा मुद्दा. प्रोग्रॅमला प्रश्न कळला नाही तर तो तसं सांगतो आणि ‘माणसाशी बोलायचं असल्यास माणूस असं लिहा’ ही ओळ देतो. बहुतेक जण विषय सोडतात. पण रात्री एक-दोनच्या सुमारास ‘माणूस’ हा शब्द आला, असं वर्षभरात काही वेळा झालं आहे. वर्गणी किंवा मोदकांसाठी त्या वेळी कुणी जागं नसतं. नव्या देशात भाषा येत नाही, नवरा किंवा बायको कामानिमित्त गावाला, मूल तापानं फणफणलेलं, आणि हातात असलेलं एकमेव मराठी खातं हे. त्यापुढचं मी इथे लिहिणार नाही. मंडळाच्या ज्या ताईंचा फोन त्या ओळीला जोडलेला आहे त्या उठतात आणि बोलतात, एवढं पुरे.

यावरून कार्यकारिणीत दोन मतं आहेत. एक मत असं की आलेले सगळे संदेश साठवून ठेवावेत, म्हणजे बॉट सुधारेल. माझं मत उलट आहे, आणि सध्या तरी तसंच चालू आहे. कुठला शब्द किती वेळा आला एवढाच आकडा आपण ठेवतो, मजकूर आपल्या सर्व्हरवर उरत नाही. वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगणाऱ्या त्या बाईंना जे कळलं होतं ते इतकंच होतं, की लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं हे बोलणं खासगी असतं, पलीकडे यंत्र असो वा कुणी असो.

दुसरा प्रस्ताव अधिक मोठा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तरुण मंडळींचं म्हणणं आहे की शब्दांच्या याद्या काढून टाकू आणि मागे एक मोठं भाषा मॉडेल जोडू. लायब्ररी तीच राहील, वेबहुक तोच, फक्त उत्तर ठरवणारा भाग बदलेल. सामान्यरूपांची माझी यादी त्यामुळे निकामी होईल, त्याचं मला वाईट वाटणार नाही. मराठी त्याला खरोखरच बरी समजते. काळजी दोन गोष्टींची आहे. प्रत्येक संदेश आणखी एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाईल. आणि रात्री दोनला जे ‘मला समजलं नाही’ असं आजचा बॉट कबूल करतो ते नवा बॉट करणार नाही, तो धीर देत छान मराठीत बोलत राहील, आणि ताईंचा फोन वाजणार नाही. ताप, भीती, पैशाची अडचण असे शब्द आले की मॉडेलला बाजूला सारून थेट माणसाकडे जायचं, असा मधला मार्ग मी सुचवला आहे. तो पुरेसा आहे की नाही यावर वाद आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय सातवा, चहाच्या आधीचा आहे. ज्यांना पायथन येतं त्यांनी यावंच, आणि ज्यांना येत नाही त्यांनी तर नक्की यावं.